आई कोण होणार?

इंग्लंडातल्या आमच्या लिंकन गावात चार माणसं चहाला बसली आणि मध्ये किटली आली, की ती कुणीतरी उचलावी लागते. जो उचलतो तो आधी विचारतो, "मी आई होऊ?" बाकीचे म्हणतात, "हो, हो की." झालं. त्यात आई नसते आणि काही नसतं. मिशीवाला बँक मॅनेजर विचारतो, कॅथीड्रलमधले पाद्रीबुवा विचारतात, एखादी शेंबडी पोरगीसुद्धा मोठेपणाचा आव आणून विचारते. चहा ओतण्याआधी माणूस जरासं खाकरतो, तसं समजा.

ऑलिव्ह लेगेट जन्मभर हे वाक्य ऐकू नये म्हणून धडपडत राहिली. आणि नोकरी कुठं, तर टी-रूममध्ये. कपाळ म्हणतात ते यालाच.

कॅथीड्रलकडे जाणाऱ्या चढावर मिस पॉकलिंग्टनची टी-रूम होती. छत इतकं बुटकं की उंच गिऱ्हाइकाला आत येतानाच प्रसाद मिळायचा. मिस पॉकलिंग्टन म्हणजे राजघराण्याशी नुकतीच सोयरीक तुटल्यासारख्या वागायच्या. कपात दूध आधी घालणाऱ्याला त्या मनातल्या मनात खालच्या पायरीवर बसवायच्या आणि वरून गोड हसायच्या. मी तिथं लागले तेव्हा ऑलिव्ह आधीपासूनच होती. उंच, हडकुळी, हाताला चटके बसल्याचे डाग, आणि कानाच्या पाळ्या अशा लांब की मी एकदा म्हटलं, "काय गं, लहानपणी तुला कानाला धरूनच उचलायचे की काय?" ती म्हणाली, "उचलायचे कुठले, ओढायचे." अशी होती ती. बोलायची कमी, पण बोलली की चपखल.

तिची एक खोड माझ्या पहिल्या आठवड्यातच लक्षात आली. टेबलावर किटली ठेवली, तिच्यावर लोकरीची टोपी बसवली, की ही पाठ फिरवून सुटायची. गिऱ्हाईक "थँक्यू" म्हणेपर्यंत बाई स्वयंपाकघरात. मिस पॉकलिंग्टन चिडायच्या.

"ऑलिव्ह, गिऱ्हाइकाकडे बघून माणसानं थोडं हसावं."

"हसते की बाई. आत जाऊन हसते."

त्यामागचं कारण मला कळलं ते मार्चमधल्या आईच्या रविवारी. त्या दिवशी आख्खं गाव म्हाताऱ्या आयांना घेऊन चहाला येतं, हातात डॅफोडिलचे जुडगे, आणि प्रत्येक टेबलावर तोच विनोद. "आज तर तूच आई हो, मम!" आणि मग हशा. मी रिकामा ट्रे घेऊन आत गेले तर ऑलिव्ह मोरीपाशी दोन्ही हातांनी कानांवर फडकं दाबून उभी. मला वाटलं दाढ दुखतेय.

"बेरिल," ती म्हणाली, "मला एक मुलगी आहे."

"कुठं असते?"

"मला काय माहीत? असेल कुठंतरी, कुणाची तरी."

मग भांडी विसळता विसळता तिनं सगळं सांगितलं. अठरा वर्षांची असताना हवाई दलाच्या तळावरच्या एका सैनिकाच्या नादी लागली. तो सायप्रसला गेला तो गेलाच. आईनं शेजारणींना सांगितलं की ऑलिव्ह स्केगनेसला मावशीकडे आहे, आणि बापानं तिला चर्चवाल्यांच्या एका घरात नेऊन टाकलं. लग्नाआधी पोटुशा राहिलेल्या पोरी तिथं लाद्या घासत दिवस भरायच्या. मुलगी झाली. सहा आठवडे ऑलिव्हनं तिला अंगावर पाजलं, तिच्यासाठी पिवळी टोपी विणली. मग एका सकाळी ते घर चालवणाऱ्या मेट्रनबाई म्हणाल्या, "आज तिला नीट कपडे घाल. माणसं यायची आहेत."

त्या दिवशी स्वयंपाकघराची पाळी ऑलिव्हची होती. म्हणून पाहुण्यांचा चहा तिनंच न्यायचा. तुम्ही म्हणाल, असं कुणी करतं का? करतात. पाळी म्हणजे पाळी. समोर मुलीला दत्तक न्यायला आलेलं जोडपं बसलेलं, बाईनं नवा निळा कोट घातलेला. ही कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि तेही तिच्याकडे बघत नव्हते. ऑलिव्हनं ट्रे ठेवला. निळ्या कोटवालीनं घाबऱ्या घाबऱ्या किटलीकडे हात नेला आणि म्हणाली, "मी आई होऊ?"

मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं, आणि ती हसली. नवरा हसला. मेट्रनबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. "हो, आता तर व्हायलाच हवं!"

"आणि तू?" मी विचारलं.

"मी उभी होते. साखर राहिली होती आणायची. ती आणायला गेले."

हे ऐकून मला जे वाटलं ते छापण्यासारखं नाही. त्या मेट्रनला मी आजही शिव्या देते, ती केव्हाच मातीत गेली असली तरी. त्या दिवसापासून किटल्या मी न्यायच्या आणि स्कोन म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, जॅम, साय ऑलिव्हनं, असं आमचं ठरलं. मिस पॉकलिंग्टनना वाटलं ही बेरिलची शिस्त. मी वाटू दिलं.

वर्षं गेली. ऑलिव्हनं लग्न केलं नाही. मी एकदा केलं आणि पस्तावले, म्हणजे हिशेब सारखाच. मग एका फेब्रुवारीत समाजकल्याणच्या ऑफिसातल्या बाईंचा टी-रूमवर फोन आला. मुलीनं शोध घेतला होता. नाव जिलियन, शेफील्डला असते, चाळिशीची, वाढवणारी आई नुकतीच वारली. एकदा भेटायचं म्हणते. कुठं, ते ऑलिव्हनं सांगावं.

"इथंच," ऑलिव्ह म्हणाली. "मला दुसरं ठिकाण माहीत नाही."

पुढचे पंधरा दिवस ती वेडी झाली होती. स्कोनमध्ये मीठ दोनदा. मी तिच्याकडून उजळणी करून घेतली, परीक्षेला बसवावं तशी.

"आधी विचारेन, प्रवास कसा झाला," ती म्हणायची. "मग सांगेन, टोपी पिवळी होती. मग सांगेन, दत्तकाच्या कागदावर सही मी केली नाही, बाबांनी केली."

"आणि चहा?"

"चहा तू ओत. बेरिल, मी किटलीला हात लावणार नाही. माझ्यानं नाही होणार."

"मीच ओतीन. वाक्यबिक्य काही न म्हणता. बास?"

"बास. ती एकदा नीट बसली ना माझ्यासमोर, चहा संपेपर्यंत, तरी मला पुरे. पुन्हा येते म्हणाली तर मग काय गं."

तिला हवं होतं ते एवढंच. मुलीनं चहा संपेपर्यंत बसावं.

मंगळवार होता. गिऱ्हाईक जेमतेम. मिस पॉकलिंग्टननी खिडकीतलं टेबल राखून ठेवलं, आपल्या आजीच्या गुलाबांच्या कपबश्या काढल्या. इतक्या वर्षांत ऑलिव्ह पहिल्यांदाच त्या टी-रूममध्ये खुर्चीवर बसली. निळसर जाकीट घातलं होतं, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीची पाठ नुसती शोभेला.

जिलियन आली. दारात तिनंही डोकं वाकवलं नाही, आणि तिलाही लागलं. कपाळ चोळत ती आत आली तेव्हा मी तिच्या कानाच्या पाळ्या बघितल्या आणि मला भरून आलं. हातमोजे काढले नव्हते तिनं.

"प्रवास कसा झाला?" ऑलिव्हनं विचारलं.

"बरा. वाटेत गाडी बदलावी लागली." मग जरा थांबून, "मी भांडायला आले नाही. मला फक्त तुम्हांला बघायचं होतं."

"हो," ऑलिव्ह म्हणाली. "बघ ना."

मी आत किटली भरत होते. पाणी उकळायला वेळ लागला, आणि तेवढ्यात मिस पॉकलिंग्टननी माझ्या हातून किटली घेतली. "आज मी नेते, बेरिल," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. जन्मात पहिल्यांदा त्या बाईला माया आली आणि ती अशा वेळी. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत त्या बाहेर. त्यांनी किटली टेबलावर ठेवली, मूठ ऑलिव्हच्या बाजूला वळवली आणि मान लववून मागे सरल्या. घरधनिणीला मान द्यावा तसा मान दिला त्यांनी तिला.

मी स्कोनची ताटली घेऊन धावले. बघते तर किटलीच्या तोटीतून वाफ येतेय आणि दोघी तिच्याकडे बघतायत. जिलियनचा एक हातमोजा निघाला होता. ऑलिव्हच्या ओठांवर पिवळी टोपी आली होती, मी शपथेवर सांगते, ओठ हललेसुद्धा. पण हात गेला किटलीकडे. हात गेला की जीभही जाते. जे वाक्य ऐकायला नको म्हणून ती जन्मभर पळाली, तेच जिभेच्या टोकाशी दबा धरून बसलं होतं.

"मी आई होऊ?" ऑलिव्ह म्हणाली.

जिलियन पांढरीफटक पडली.

"हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

ऑलिव्ह किटली धरून तशीच.

"हे माझ्या आईचं वाक्य आहे. मला घ्यायला आली तेव्हा ती हेच म्हणाली होती. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आमच्याकडे हा किस्सा व्हायचा. बाबा नक्कल करायचे, सगळे हसायचो. तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. आणि तुम्ही तिच्याच शब्दांत... चाळीस वर्षांनी... विनोद करता?"

"नाही," ऑलिव्ह म्हणाली. एवढंच म्हणाली.

"आई होती मला. दुसरी नकोय." जिलियननं काढलेला हातमोजा पुन्हा चढवला, आणि या वेळी डोकं वाकवून दाराबाहेर पडली. कप कोरेच राहिले.

मी ऑलिव्हच्या हातातून किटली काढून घेतली. बोटं एकेक सोडवावी लागली.

"अगं, सांगितलं का नाहीस तिला? तू तिथं होतीस! ट्रे तुझ्या हातात होता!"

"तिच्या घरातला हसण्याचा किस्सा आहे तो, बेरिल. वाढदिवसाचा. त्यात आता मला ट्रे घेऊन उभी करू? पुन्हा ती कधी हसेल त्यावर?"

"मग मी जाते मागं. अजून उतारावरच असेल."

"गेलीस तर तुझं माझं संपलं," ती म्हणाली, आणि ती तसं करणारी होती. मी गेले नाही. आम्ही दोघींनी टेबल आवरलं. मिस पॉकलिंग्टन आत पिठाच्या डब्यावर बसून रडत होत्या आणि मला त्यांचा गळ्यातला मोत्यांचा सर तोडून टाकावासा वाटत होता.

त्यानंतर ऑलिव्ह बाहेरच्या खोलीत आलीच नाही. आत स्कोन भाजायची. फोन वाजला की हात थांबायचे, मग पुन्हा चालायचे. जिलियनचा फोन कधी आला नाही. अशी सहासात वर्षं गेली. मग एका सकाळी भट्टीसमोरच तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं, पण सगळं नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं. भाषा पुसली जाते आणि तोंडात बसलेलं एखादं वाक्य तेवढं उरतं. कुणाची प्रार्थना उरते, कुणाची शिवी. ऑलिव्हचं काय उरलं ते तुम्ही ओळखलंच असेल. तहान लागली तरी तेच, कूस बदलायची असली तरी तेच. "मी आई होऊ?" नर्सेसना मोठी गंमत वाटायची. "व्हा की, आजी, व्हा!" म्हणत त्या तिला चहा आणून द्यायच्या. ते कप उशाशी गार होऊन जायचे.

एक दिवस हे बघून मी घरी गेले, समाजकल्याणच्या बाईंकडून नंबर मिळवला आणि शेफील्डला फोन लावला. ऑलिव्हची ताकीद मोडली. तिचं माझं संपायचं ते आता संपलेलंच होतं. मी जिलियनला सगळं सांगितलं. निळा कोट सांगितला, ट्रे सांगितला, साखर आणायला कोण गेलं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "तो कोट अजून माझ्या कपाटात आहे," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वॉर्डात आली. हातमोजे नव्हते. पलंगापाशी खुर्ची ओढून बसली आणि ऑलिव्हचा चालता हात हातात घेतला.

"मी जिलियन," ती म्हणाली.

ऑलिव्हनं तिच्याकडे बघितलं. "मी आई होऊ?"

"हो," जिलियन म्हणाली. "हो. व्हा."

मी देवाधर्माची नाही, पण त्या क्षणी मी देवाला म्हटलं, आता एवढं तरी पदरात घाल. तेवढ्यात चहाची गाडी ढकलत वॉर्डातला माणूस आला. ऑलिव्हनं मान वळवली आणि त्याच तोंडानं, त्याच आवाजात त्याला विचारलं, "मी आई होऊ?"

जिलियननं माझ्याकडे बघितलं. "ती मला ओळखते?"

खोटं बोलायला माझं काय जात होतं? पण तिच्यासमोर, त्या लांब कानांसमोर, मला जमलं नाही.

"नाही गं पोरी," मी म्हटलं. "सगळ्यांनाच विचारते."

मला वाटलं, आता उठेल. ती उठली नाही. चहा संपेपर्यंत बसली, आणि रोज आली, ऑलिव्ह जाईपर्यंत. ऑलिव्ह दाराला विचारायची, खिडकीला विचारायची, शेवटी शेवटी तर डोळे मिटून विचारायची. जिलियन दर वेळी हो म्हणायची.