दादाच्या टाकीतले मासे

"शोभा, तुझे दादा गेले. ये." वहिनीचा फोन एवढाच होता. मी उमापूरला अंगणात तूर पाखडत बसले होते. सूप खाली ठेवलं, साडी बदलली, नवऱ्याला गाडी काढायला सांगितली. गेवराई मागे पडली, बीड जवळ आलं, तरी माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. सख्खा भाऊ होता... पण मला राग येत होता. माझं काहीही ऐकून न घेता हा माणूस सुटला, याचा राग.

भेटायला आलेल्यांनी बैठक भरली होती. दादाचं धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान, ओळखी दांडग्या, माणसं शिरूर कासारपासून आलेली. त्यांतले एक वयस्क गृहस्थ भिंतीकडच्या काचेच्या टाकीकडे हात करून म्हणाले, "मुक्या जिवांवर लई माया होती त्यांची." सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी जमिनीकडे बघत राहिली. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं, ही रीत मलाही ठाऊक आहे. महिनाभर मी गप्प बसले ती त्याच रीतीपायी. पण ती टाकी मीही पाहिली आहे.

दादानं नवं घर बांधलं तेव्हा कुण्या पुढाऱ्याच्या बंगल्यात त्याला माशांची टाकी दिसली होती. तशीच आपल्या बैठकीत पाहिजे म्हणून संभाजीनगरहून तीन फुटांची टाकी आणली. सोबत वहिनी होती. दुकानदारानं दोघांनाही सांगितलं होतं, की एवढ्या टाकीत गोल्डफिश दोनच ठेवा, नाहीतर बोटाएवढे छोटे मासे दहा-बारा. दादानं गोल्डफिश घेतले, एंजल घेतले, शार्क म्हणून विकतात ते काळपट मासेही घेतले. वास्तुशांतीला मी मोजायला लागले तर वीसच्या पुढं मोजता येईना, इतकी त्यांची एकमेकांत गर्दी. "भरल्यासारखी दिसली पाहिजे," तो पाहुण्यांना सांगत होता. "चार मासे ठेवायला मी काय भिकारी हाय का?"

थोड्याच दिवसांत मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करायला लागले. कोणी आलं की दादा कौतुकानं दाखवायचा, "बघा, मला ओळखतेत. बोलायला वर येतेत." श्वास कोंडला होता त्यांचा. मेलेले मासे वहिनी पहाटेच जाळीनं काढून परसात पुरायची, कारण मेलेला मासा दिसला की तो तिच्यावरच खेकसायचा. मग नवे आणायचा. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात वहिनी धुणं मागं टाकून टाकीचं थोडंथोडं पाणी बदलायची. दादानं त्या पाण्यात कधी बोट बुडवलं नाही.

वहिनीनं मोबाइलवर बघून बघून सगळं शिकून घेतलं. एकदा मला म्हणाली, "शोभा, मासा आणताना केवढा हाय ते बघायचंच न्हाई. वाढल्यावर केवढा होईल, ते धरायचं. हे शार्क तर हातभर होतेत. वळायचं कसं त्यांनी?" हेच तिनं दादाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तू सैपाकाचं बघ."

एका उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर देवदर्शनाला गेला. वहिनीनं तेवढ्यात बरेचसे मासे ज्यांच्याकडे मोठ्या टाक्या होत्या त्यांना देऊन टाकले आणि दोनच गोल्डफिश ठेवले. मला फोन केला, "बघायला ये ना. पाणी कसं नितळ झालंय." मी गेले. मासे तळाशी खडे हुंगत आरामात फिरत होते. वहिनी टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. त्या घरात तिला असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी मुक्कामाला असतानाच दादा परतला, तो मित्रांना घेऊनच. टाकी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. चहा झाल्यावर बाहेर गेला आणि पिशव्याच्या पिशव्या मासे घेऊन आला. वहिनी आडवी आली, "अवो, मरतील हो सगळे." त्यानं तिला बाजूला सारलं आणि एकेक पिशवी फोडून टाकीत ओतली. "कमी करती व्हय? आता कर."

संध्याकाळी लाईट गेली, टाकीतला पंप बंद पडला. सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते, ते दोन गोल्डफिशही त्यांतच. मोंढ्यातली माणसं आली तेव्हा दादा त्यांना म्हणाला, "हिनं मारले. हिच्या हाताला काही जगतच न्हाई."

वहिनीची दोन बाळं पोटातच गेली होती. बैठकीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. एकानंही मान वर केली नाही.

मी म्हणाले, "दादा, मासे तू मारलेस. आन हे परत तोंडातून काढू नको."

"तू पाव्हणी हायेस," तो म्हणाला. "चहा पी आन गाडी धर."

मी चहा न पिताच निघाले. तो असेपर्यंत त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही. वहिनीला भेटायची ती लिंबागणेशला, चतुर्थीला, देवळाच्या ओट्यावर. दादानं टाकी परत गच्च भरली होती. आणि वहिनीच्या हाताचं ते वाक्य तो लग्नकार्यांत, पंगतीत हसत हसत सांगतच राहिला. माझं लग्न त्यानं थाटात लावून दिलं, हे खरं आहे. लोक त्याला दिलदार म्हणतात तेव्हा मी एवढं कबूल करते. पण तो थाटही मांडवातल्या लोकांनी बघावा म्हणून होता. माझ्याकडे त्या दिवशी त्यानं बघितलंसुद्धा नव्हतं.

तेराव्यानंतर मी वहिनीजवळ राहिले. तिनं टाकीतली गर्दी काढून टाकली होती. आता पुन्हा दोनच गोल्डफिश. आमचा चुलतभाऊ आला नि म्हणाला, "वैनी, टाकी भुंडी दिसती. दादाला न्हाई आवडायचं. मी आणून देतो चार-सहा."

"नको भाऊजी," वहिनी म्हणाली. "ह्येच वाढून वीतभर होतील. यांना पुरंल एवढीच जागा हाय."

तो गेल्यावर आम्ही दोघी चहा घेत बसलो. गल्लीत एक बुलेट शिरली. दादाचीही बुलेटच होती. वहिनीनं कप खाली ठेवला, झटकन उठली आणि डोक्यावर पदर घेत टाकीसमोर जाऊन उभी राहिली. दाराकडे तोंड, टाकीकडे पाठ, आतले मासे किती आहेत ते दारातून दिसू नये अशी... बुलेट घरावरून पुढं निघून गेली. आवाज पार मिटला, तरी ती हलेना.

"वहिनी, दादा गेला," मी म्हणाले.

"माहीत हाय," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.