डावीकडच्या खुर्चीची पाळी

तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. विमान उडवायला लागण्याआधी दोन वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं होतं आणि ती खोड काही गेली नव्हती. ड्यूटीच्या तक्त्यात कुणाचे तास चुकले की लोक तिच्याकडेच धाव घ्यायचे. तेरा वर्षं ती कॉकपिटमध्ये उजवीकडे, सह-वैमानिकाच्या खुर्चीत बसत होती. डावीकडची खुर्ची कॅप्टनची. तिथे बसायची पाळी ज्येष्ठतेच्या यादीने ठरते. पगार, रजा, कुठलं विमान मिळणार, तेही त्याच यादीवर. यंदा तिची पाळी आली होती. प्रशिक्षणाची तारीखसुद्धा हातात पडली होती.

तेवढ्यात एका मोठ्या कंपनीने तिची छोटी कंपनी विकत घेतली.

आता दोन याद्यांची एक करायची होती. छोटीच्या वैमानिकांनी आपली बाजू मांडायला मास्तरणीला पाठवलं. बैठकीत मोठीने केलेला एकत्र यादीचा मसुदा हातात आला, तिने पहिलं पान उलटलं. छोटीतल्या सगळ्यांची नोकरी विलीनीकरणाच्या दिवसापासून धरली होती. मोठीत गेल्या वर्षी लागलेले लोकही त्यांच्या वर. तिला विमान उतरवायला शिकवणारे कॅप्टन, सगळ्यांचे काका, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेले, निवृत्तीला चार वर्षं उरली असताना पुन्हा सह-वैमानिक होणार होते.

छोटीतलं एकच नाव वर राहिलं होतं. तिचं.

"प्रशिक्षणाची तारीख ठरलेल्यांना धक्का लावायचा नाही, असं ठरलंय," व्यवस्थापनाचा अधिकारी गोड आवाजात म्हणाला. "मॅडम, तुमचं काहीच नुकसान नाही. पाचपर्यंत सही द्या. नाहीतर प्रकरण लवादाकडे जाईल आणि निकाल लागेपर्यंत सगळी प्रशिक्षणं थांबतील. तुमचंही."

साडेतीन वाजले होते. ती व्हरांड्यात आली आणि नवऱ्याला फोन लावला. तिने सगळं सांगितलं.

"या तारखेसाठी मी बदली नाकारली," तो म्हणाला. "तुला माहितेय."

"माहितेय."

"मग मला कशाला विचारतेस? मी सही कर म्हणेन. आणि तू केलीस, की तुझं पडलेलं तोंड मला बघवणार नाही. ठेव फोन."

मग तिने काकांना फोन लावला. "सही कर गं," ते पटकन म्हणाले. "माझी चारच तर वर्षं राहिलीत. बसेन तुझ्या शेजारी उजवीकडे." त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण हसू अर्ध्यावरच अडकलं.

ती आत गेली आणि फळ्यावर रकाने आखायला लागली. एकत्र यादीत निम्मं वजन नोकरीच्या वर्षांना, निम्मं आपापल्या यादीतल्या क्रमांकाला.

मोठीच्या वैमानिकांचा प्रतिनिधी उसळला. "म्हणजे आमची माणसं खाली ढकलायची?"

"काही जण, हो. दहा-बारा जागा. तुमच्या मसुद्यात आमचा माणूस दोनशे जागा खाली जातो."

"तुमची कंपनी बुडत होती, बाई! आम्ही नोकऱ्या वाचवल्या."

ते खरं होतं. पाचला पाच मिनिटं असताना अधिकाऱ्याने पेन पुढे सरकवलं. तिने ते उचललं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"एकट्या माझ्या नावासाठी माझी सही मिळणार नाही."

दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षण थांबवल्याचं पत्र आलं. नवरा चार दिवस कामापुरतंच बोलला. तिच्याच बाजूचे काही जण कुजबुजू लागले की हिला हिरो व्हायचं होतं, आता सगळेच लटकलो. आठ महिने असेच गेले. काका रोज सकाळी तिला फोन करायचे, विषय मात्र काढायचे नाहीत.

लवादाने तिचा हिशेब बराचसा मान्य केला. काकांची खुर्ची राहिली. तिच्या नावामागची खास सवलत गेली आणि तिची पाळी तीन वर्षं पुढे ढकलली गेली.

निकालानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिला मोठीतल्या एका कॅप्टनबरोबर उड्डाण होतं. तो तिच्याहून आठ वर्षांनी लहान. विमान वर जाऊन स्थिर झालं. मग तो समोरच बघत म्हणाला, "तुमच्यामुळे मी अकरा जागा खाली गेलो."

"हो. मी मोजलंय."

"हे बरोबर झालं असं वाटतं तुम्हाला?"

"पूर्ण नाही," ती म्हणाली. "आधीच्यापेक्षा बरोबर."

त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पण विमान कुणी उतरवायचं हे कॅप्टन ठरवतो, आणि ती वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही उतरवा." आणि तिने दोन्ही हात पुढे करून नियंत्रणं घेतली.