पहिलं ‘नाही’

आमच्याकडे कोणी जेवायला विचारलं की माणूस आधी ‘नाही’च म्हणतो. पोटात कावळे ओरडत असले तरी ‘आत्ताच जेवलो’ हे तोंडातून आपोआप निघतं. पहिल्याच बोलावण्याला ताटावर बसणारा हावरट ठरतो. दुसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, थोडंसं द्या’ म्हणायचं आणि मग पोटभर जेवायचं. याचं आम्हाला बाळकडूच मिळतं.

सेवाग्रामला दवाखान्यात नर्स होते तेव्हा हे ‘नाही’ मी रोज ऐकायचे. पेशंटचे नातेवाईक पायऱ्यांवर बसलेले असायचे. जेवलात का, असं जाता जाता विचारलं की ‘हो सिस्टर’ म्हणायचे आणि नजर चुकवायचे. मला अशी चीड यायची! एकीला तर मी चांगलंच फटकारलं, की बाई, तुझा नवरा उठून बसेल आणि तू आडवी होशील. मग माझाच डबा तिच्यापुढे सरकवला. ती आधी नको म्हणाली, मी पुन्हा सरकवला, आणि तिने तो पुसून खाल्ला. नोकरीवरून माझं मन उडालं ते तिथेच. तसं तिथे वाईट काहीच नव्हतं, पण एका जागी मला चैन पडत नाही, हा माझा जुनाच रोग आहे.

राजीनामा दिला तेव्हा घरात रामायण झालं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, वडनेरला वांगी-टमाटर पिकवतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की भाजी विकणं वेगळं आणि शिजवलेलं अन्न विकणं वेगळं, ते आपलं काम नाही. पण दवाखान्याच्या रस्त्यावर मी भोजनालय उघडलं त्या दिवशी सकाळी त्यांनीच भाजीचं पोतं बसवर चढवून दिलं. रागही कायम आणि भाजीही कायम, असा माणूस.

भोजनालयात मी वाढणाऱ्या बायांना एकच गोष्ट शिकवली. पहिलं ‘नाही’ ऐकायचं आणि सोडून द्यायचं. दुसऱ्यांदा विचारताना तोंड नाही, हात पुढे करायचा, भाजीची पळी ताटावर धरायची. गिऱ्हाईक तेवढ्यावर परत यायचं, सोबत आणखी चौघांना घेऊन यायचं. त्याच जोरावर हिंगणघाटला दुसरं उघडलं, मग पिपरी मेघेला तिसरं. आणि मी सगळा दिवस गाडीत. एका दुकानात पाय ठेवला की दुसऱ्यात काय चाललं असेल याने जीव वरखाली व्हायचा. नवरा म्हणायचा, तुझी खुर्ची विकून टाक, तू काही तिच्यावर बसत नाहीस.

त्यातच माझ्या डोक्यात वडनेरचं वावर शिरलं. मामाजींचं ते वावर थेट हायवेला लागून आहे. गाड्यांची रीघ दिवसभर तुटत नाही, आणि तिथे काय, तर वांगी! रस्त्याकडची पट्टी द्या म्हणून मी त्यांच्या मागेच लागले. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, मी आजवर तुह्या हाटेलात जेवलो नाही, एकदा जेवतो आणि मग सांगतो. कुठे आणि कधी ते मात्र सांगणार नाही.

ते पिपरी मेघेला गेले. मी नेमकी हिंगणघाटला मिक्सरवाल्याशी भांडत होते. पिपरीच्या मॅनेजरने तोवर तिथली रीत बदललेली. ऑफिसात जाणाऱ्या मंडळींना सारखं विचारलेलं आवडत नाही, म्हणून एकदाच विचारा आणि गिऱ्हाइकाचा शब्द माना, असं त्याने ठरवलं होतं. मला फोनवर सांगितलंही असेल, पण गाडीत मी काय ऐकते ते माझं मलाच ठाऊक. मामाजींनी एक पोळी खाल्ली, त्यांच्याच वांग्याची भाजी खाल्ली. वाढणारीने आणखी काय देऊ म्हणून विचारलं. ते म्हणाले, नाई बाई, पुरे. तिने हसून ताट उचललं आणि बडीशेप आणून ठेवली. मामाजींनी बडीशेप खाल्ली आणि बस पकडली.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, की यांनी घरी आल्या आल्या उभ्यानेच भाकर आणि चटणी खाल्ली, तू काऊन उपाशी पाठवलं? माझं डोकं भडकलं. मॅनेजरला फोन लावून नको नको ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, मॅडम, त्यांनी नाही म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात गेले. मामाजी वांगी तोडत होते. पावसापाण्याचं बोलले, खताचं बोलले, जागेचं अवाक्षर नाही. दुपारी कडुनिंबाखाली बसून त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि मला जेवायला बोलावलं. मी घुश्शातच होते. जेवून आले, असं मी म्हणाले. खरं तर सकाळपासून चहासुद्धा पोटात नव्हता. त्यांनी मान हलवली, अर्ध्या भाकरी खाल्ल्या आणि उरलेल्या पुन्हा बांधायला लागले. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी गाठ मारली.

“तू नाई म्हनलं ना,” ते म्हणाले. “मीबी नाईच म्हनलं होतं.”

मला रडूच आलं, थोडं रागाने आणि बरंचसं भुकेने.

“मामाजी, भूक लागली मले.”

त्यांनी गाठ सोडली. भाकरीवर भाजी ठेवून माझ्या हातात दिली आणि मी खायला लागेपर्यंत बघत बसले. मग म्हणाले, “वावर घे. पन मंग इथंच बसजो. लोकाईले दुसऱ्यांदा तूच विचारजो. आनखी दुकान नको काढू.”

मी तोंडातला घास गिळला. आणि आणखी एक भाकर मागितली.

त्या वावरात आजही वांगीच आहेत. आर्वीला माझं चौथं भोजनालय निघालं आणि पाचव्याची जागा बघून ठेवली आहे. भाजी घ्यायला मात्र मी स्वतः वडनेरला जाते, आणि बांधावर पाय ठेवताच, त्यांनी विचारायच्या आधी, भूक लागली म्हणून सांगते. फडकं लगेच सुटतं. निघताना मी म्हणते, मामाजी, आता तुम्ही या एकदा आर्वीला जेवायला. ते म्हणतात, नाई, पोट भरलं माह्यं. दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत आहे? तेवढ्यात फोन वाजतो आणि बोलत बोलतच मी गाडीत बसते.