मुदत संपलेलं कर्ज आणि मानाची टोपी

२००४ सालच्या उन्हाळ्यात, वारूळवाडीला माझ्या मामेबहिणीच्या लग्नात, वसुली एजन्सीच्या दोन माणसांचा टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन सत्कार झाला.

मामांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. नव्वदीच्या दशकात एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढून त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे घेतले. हप्ते ते नारायणगावच्या शाखेत भरत. १९९८ मध्ये शाखेला कुलूप लागलं. मामा दोनदा जाऊन ते पाहून आले. पुढे कोणी मागायला आलं नाही. लग्नाच्या तोंडावर मात्र पुण्याहून फोन आला: कर्ज आता एजन्सीकडे आहे, व्याजासकट भरा, नाहीतर सामान उचलू.

मामी जुन्नरला वकिलांकडे गेल्या. शेवटच्या हप्त्याला तीन वर्षं कधीच उलटली होती. कोर्टात मागायची मुदत संपली, असं वकिलांनी सांगितलं. पण आता 'फेडतो' असं लिहून सही दिली, तर त्या कागदावर नवा दावा लावता येईल. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की लग्नात दारात बोलाचाली नको.

वसुलीचे ते दोघे आले तेव्हा बुद्धवंदना होऊन, लग्न लागून मानपान सुरू झाला होता. इस्त्रीचे शर्ट, हातात बॅगा. माइकवर मामांचे धाकटे भाऊ होते. वरपक्ष डिंभ्याचा, हे त्यांचेच शहरातले नातेवाईक असं समजून त्यांनी पुकारा केला, "नव्या पावण्यांनी ष्टेजवर यावं!" चौघांनी दंडाला धरून दोघांना वर नेलं.

"अहो, आम्ही वसुलीला आलोय," त्यांतला थोरला म्हणाला.

"लाजू नका राव, मान घ्या!"

टोप्या डोक्यावर बसल्या. टाळ्या झाल्या.

पुढे पंगतीत त्यांनी मामांना ओळख सांगितली आणि कागद पुढे केला. "आज पैसे नकोत. फेडतो म्हणून सही करा, आम्ही जातो."

शेजारी व्याही बसले होते. मामांनी पेन घेतलं.

मामी बुंदी वाढत येत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मामांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"सही न्हाई व्हायची. वकिलाला इचारलंय. मुदत गेली."

"वहिनी, कर्ज घेतलं होतं ना?"

"घेतलं व्हतं. भरायला गेलो तर तुमच्या हापिसाला कुलूप. मग काय भोंग्यावरनं पुकारायचं व्हतं, या म्हणून?"

आधी व्याही हसले, मग पंगत. धाकटा वसुलीवालाही हसला.

"आज पुकारलं तर कसं टोप्या घालून आलात!" मामी म्हणाल्या. "घ्या, बुंदी घ्या."

थोरल्याने कागद बॅगेत परत घातला. दोघांनी बुंदी दोनदा घेतली. निघताना त्यांनी नवरीच्या हातात आहेराचं पाकीट दिलं आणि व्याह्यांना रामराम केला.

त्या कर्जासाठी मामांवर दावा दाखल झाला नाही.