थोरला कोण?

इबादानच्या गॅरेजवस्तीत गाडीचं वायरिंग बघणाऱ्याला 'रिवायर' म्हणतात. मुफुताऊ तिथला सगळ्यात जुना रिवायर, आणि हट्टी म्हणाल तर एक नंबर. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण कबूल करेल तर शपथ! बायको रुकायात शेजारी बसून हातात स्क्रू द्यायची. विचारलंच कुणी, तर म्हणे तिला घरी करमत नाही.

नव्या गाड्या कॉम्प्युटरवाल्यांकडे गेल्या. त्याच्याकडे उरली सुईण मोरेनिके आणि तिची म्हातारी गाडी. ती आज सुरू झाली नाही तर भंगारात घालणार, असं तिनं सांगून टाकलेलं. भंगारवाला दोर घेऊन येऊन बसलाही होता. ही गाडी गेली की मुफुताऊचं दुकान संपलं.

आणि गाडी तर नुसती खोकत होती. पॉइंट नवे, कॉइल चांगली, प्रत्येक प्लगला करंट चटचट येतोय, पेट्रोलही येतंय. तरी इंजिन एकदा शिंकायचं आणि गप्प. त्यानं पुन्हा सगळं तपासलं, पुन्हा तेच. आपलंच डोकं फिरलंय की काय, त्याला कळेना. रुकायात म्हणाली दृष्ट लागली असेल, तर तिच्यावरच खेकसला.

प्लगच्या चार वायरींना त्यानं गाठी मारून पोरांसारखी नावं दिली होती. एक गाठ ताईये, दोन केहिंदे, ही तिकडच्या जुळ्यांची ठरलेली नावं, आधी जन्मेल तो ताईये. मग जुळ्यांच्या पाठचा इदोवू, तीन गाठी, आणि त्याच्या पाठचा अलाबा, चार. सकाळी सगळ्या काढल्या आणि परत लावताना रुकायातला म्हणाला होता, थोरल्याची पुढच्या प्लगला लाव, धाकट्याची तिच्यामागे.

शेवटी त्यानं स्वतः पुढची वायर चाचपली. दोन गाठी.

"हा केहिंदे पुढे कसा आला?"

"तुम्हीच म्हणालात ना थोरल्याची लाव? केहिंदेनं जग बघायला पुढे धाडला म्हणून ताईये आधी जन्मतो. थोरला केहिंदेच. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, रिसीचे बाबा."

त्यानं कपाळावर हात मारला. "अगं, मी एक गाठवाल्याला थोरला म्हणालो! आणि मला दिसत असतं तर सकाळीच नसतं का कळलं?"

बोलून गेला आणि जीभ चावली. मोरेनिके तिथंच उभी होती.

रुकायातनं वायरी बदलल्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"बाबा," मोरेनिके म्हणाली, "वर्षभर मी तोंड उघडल्याशिवाय तुम्ही मला ओळखत नाही. मला कळत नव्हतं होय? पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचेत." आणि गाडी घेऊन गेली.

मुफुताऊनं चिंधीला हात पुसले. मग बायकोकडे वळला.

"बघून सांग गं, दोरवाला गेला का?"

"गेला," रुकायात म्हणाली.