आप्पांचे दुप्पट पाटे

नळदुर्गच्या आमच्या वर्कशॉपातला लोखंडाचा चुरा रोज संध्याकाळी झाडून निघतो, किस्से मात्र साचत जातात. आम्ही ट्रेलर बनवतो. मी वेल्डर, मालक आप्पा. धक्के झेलायला ट्रेलरखाली स्प्रिंगचे किती पाटे घालायचे, हे फक्त आप्पा ठरवतात. आणि आप्पांचा कुणावरच विश्वास नाही.

*

गिऱ्हाईक एक टन म्हणालं की आप्पा दोन टनांचे पाटे घालतात. त्याला कारण आहे. बेंबळीचे एक पाहुणे एक टन सांगून ट्रेलर घेऊन गेले आणि पंधरा दिवसांत पाटे बसले म्हणून भांडायला आले. ट्रेलरमध्ये तेव्हाही माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा ऊस होता. पाहुणे म्हणाले, हा आजच भरलाय.

*

गिऱ्हाइकंही काही कमी नाहीत. एका ढाबेवाल्याला संशय, आप्पा नवे पाटे दाखवून जुने बसवतील. त्याने बायकोची नेलपॉलिश आणून सहाही पाट्यांवर खूण केली. ट्रेलर न्यायच्या दिवशी खाली वाकून मोजले, तर सात! रस्ता खराब म्हणून आप्पांनी एक पदरचा घातला होता.

"ह्यो माझा न्हाय. काढा," ढाबेवाला म्हणाला. काढावा लागला.

*

पुण्याचा एक सेल्समन रबराचं सस्पेन्शन विकायला आला. आडरानात बिघडलं तर काय, असं आप्पांनी विचारलं. तो म्हणाला, चोवीस तास कधीही फोन करा. आप्पांनी त्याच्यासमोरच फोन लावला. त्याचा फोन खिशात, सायलेंटवर. तो बोलतच राहिला. आप्पांनी चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

*

मग धाराशिवचे डोळ्यांचे डॉक्टर आले. गावोगाव तपासणीसाठी त्यांना बंद ट्रेलर हवा होता. वजन आठ क्विंटल म्हणाले, वजनकाट्याची पावतीही दाखवली.

"पावती लईच कोरी करकरीत हाय," ते गेल्यावर आप्पा म्हणाले आणि पाटे दुप्पट घातले.

डॉक्टर खरं बोलले होते. ओझं हलकं आणि पाटे जड, त्यामुळे पाटे वाकलेच नाहीत, प्रत्येक खड्डा थेट आतल्या डोळे तपासायच्या मशीनपर्यंत पोचला. पहिलंच शिबिर आप्पांच्या गावी होतं. तिथं पोचेपर्यंत मशीनची काच फुटली. सकाळपासून रांगेत बसलेली म्हातारी माणसं परत गेली. त्यात आप्पांची आई होती. तिला एका डोळ्यानं दिसेनासं झालंय.

"गाडी कुणी बनिवली म्हणं?" तिनं घरी आप्पांना विचारलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतः ट्रेलरखाली झोपून निम्मे पाटे काढले.

*

महिन्याने गाडी पुन्हा त्याच गावी गेली. या वेळी सगळं शाबूत पोचलं. आप्पांनी आईला हात धरून आत बसवलं, मी दारात उभा होतो. डॉक्टरांनी एक डोळा झाकायला लावला, समोरच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, हे काय दिसतंय?"

म्हातारीनं आधी तक्त्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं.

"तुमाला दिसतंय न्हवं? मग मला कशाला इचारताव?"