पाणी खाली जाऊन राहिलं का?

आमच्या भूगोल विभागात माणसं तीन अन् किस्से तीनशे! एक सांगाले बसलो की दुसरा मधातच तोंड खुपसते. पण अलीकडचे किस्से सांगताना हसू कमी येते, भेवच जास्त वाटते. मी तसा बी भित्राच, हे सारं कॉलेज जाणते.

माणसं म्हणजे मी लॅब असिस्टंट, जोशी मॅडम अन् आमचे हेड मेश्राम सर. सर या जूनमध्ये रिटायर होणार. रायपूरजवळ अभनपूरले वावर घेतलं, दोन खोल्या बांधल्या, आता उरलेलं आयुष्य तिथं धान लावणार. तेवढंच एक स्वप्न आहे माणसाचं!

*

सर दरवर्षी काचेच्या टाकीत समुद्र दाखवतात. टाकीत साधं पाणी. त्यात थंडगार, खारट, निळी शाई घातलेलं पाणी बाटलीनं सोडायचं. ते जड, म्हणून सरळ तळाशी जाते. दूर उत्तरेच्या समुद्रात असंच होते, अन् त्याच्या जोरावर साऱ्या जगाचं गरम-थंड पाणी फिरते.

यंदा तयारी माझ्याकडे होती. मी गडबडीत मीठ बाटलीत नाही, टाकीतच टाकलं! निळं पाणी वरच तरंगत बसलं.

"अरे गड्या, तू तर समुद्रच बंद पाडला!" सर म्हणाले. सारा क्लास खो-खो हसला.

मागून एक पोट्टी बोलली, "सर, सच में बंद हो गया तो?"

सरांचं हसू गेलं. म्हणाले, "तिकडं बर्फ वितळून गोडं पाणी वर साचून राहिलं. खारटपणा कमी झाला की पाणी बुडत नाही. फिरणं मंदावलं, तर गरमी जिथल्या तिथं अडकते अन् पाऊस आपली जागा सोडू शकते. आपल्या धानाचा बी."

त्या दिवशी माझ्यानं डबा खाल्ल्या गेला नाही.

*

जोशी मॅडम म्हणाल्या, "समुद्र कुठं, रायपूर कुठं! काहून भेता?"

पण घरी जाऊन चौबे कॉलोनीत शेजारणीले त्यांनीच सांगितलं, की समुद्रातलं मीठ कमी होऊन राहिलं. सायंकाळपर्यंत गल्लीतल्या दुकानातलं मीठ खतम! बाया पाच-पाच पुडे उचलून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्याच पिशवीत मले चार पुडे दिसले.

"मॅडम, तुम्ही बी?"

"मले समजते रे, यानं काही होत नाही. पण रिकाम्या हातानं भेत बसू का?"

घरी जाताना मी बी दोन घेतले.

*

सरांची पोरगी त्याच उत्तरेच्या समुद्रात, संशोधनाच्या जहाजावर आहे. बाटल्या खोल सोडायच्या अन् कुठं किती मीठ ते मोजायचं, हेच तिचं काम. शनिवारी चहाच्या वेळी तिचा फोन येते. सर स्पीकरवर ठेवतात. पहिला सवाल ठरलेला, "बेटा, पाणी खाली जाऊन राहिलं का?"

तिले मराठी समजते, बोलते हिंदीत. "हव बाबा, जा रहा है."

हे "हव", म्हणजे हो, आलं की मग आम्ही बिस्किटं उचलतो. त्याच्या आधी प्लेटले कोणी हात लावत नाही, अशी रीतच पडून गेली!

एका शनिवारी ते "हव" आलंच नाही.

"जा रहा है बाबा... पहले से थोड़ा कम."

मॅडमनं बिस्किटं परत डब्यात भरली. सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी तर चहा बी तसाच ठेवला, खोटं काहून सांगू!

*

मागच्या शनिवारी सरांनी तो सवाल विचारलाच नाही. फोन लागल्याबरोबर म्हणाले, "बेटा, खरं सांग. मी अभनपूरले धान लावू का?"

मग पोरगी चक्क मराठीत बोलली.

"लावा बाबा. यंदा लावा."

"अन् पुढच्या वर्षी?"

"बाबा, नेटवर्क जा रहा है. आपकी आवाज नहीं आ रही."

सर "हॅलो, हॅलो" करत राहिले. फोन चालूच होता. तिचं मुसमुसणं आम्हा तिघांले साफ ऐकू येऊन राहिलं होतं.